अकरावा नग

“हर्डीकर बाई, मोजल्याशिवाय सही करायची नाही, आणि सही केल्यावर परत मोजायला जायचं नाही. भांडारपालाला एवढं आलं की बास.”

नाना शिखरे निवृत्त झाले त्या दिवशी किल्ल्यांचा जुडगा माझ्या हातात देताना असं म्हणाले होते. त्यानंतर बारा वर्षांनी, दिवाळी नुकती आटोपली होती आणि मी भर दुपारी पंपहाऊसच्या आवारात चंद्राक्का लोंढेच्या मागे मागे फिरत होते, तेव्हा नानांचा तो आवाज कानात अगदी लख्ख येत होता. कारण चंद्राक्का मोजत होती आणि कागदावर सही माझी होती.

हिंगणेश्वर नगरपालिकेच्या पाणीपुरवठा खात्याचं निकामी सामान त्या वर्षी लिलावात गेलं होतं. चंद्राक्का भंगाराची व्यापारी. नऊवारीवर खाकी शर्ट, दातांना मिश्री आणि हातात खडूचा तुकडा. ज्या लोखंडावर तिने खडूची रेघ मारली ते तिचं झालं, असा तिचा हिशेब. सातव्या लॉटशी ती आली. कागदावर होतं, ‘बीडाचे बारा इंची व्हॉल्व्ह, निकामी, नग अकरा.’ तिने दहा रेघा मारल्या आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

“अकरावा कुठं हाय, देवबाई?”

मला अख्खं आवार देवबाईच म्हणायचं. मी बोटाने दाखवलं.

पंपहाऊसच्या पायरीसमोर अकरावा व्हॉल्व्ह उभा होता. आतला पडदा कधीच काढून टाकलेला, पोकळ बीड माती भरून ठेवलेलं, आणि त्यातून कमरेच्याही वर आलेली डेरेदार तुळस. बीडाला हळदकुंकवाची बोटं, भोवती रांगोळी. चंद्राक्काने खडू शर्टाच्या खिशात ठेवला, हात जोडले, आणि मग माझ्याकडे वळून शांतपणे म्हणाली, “ह्यो नग हाय व्हय?”

होता. चूक माझीच होती, आणि ती कशी झाली हे मला आजही नीट सांगता येत नाही. यादी करताना मी एकेका व्हॉल्व्हला हात लावून मोजत गेले होते. अकराव्याशी आले तशी चपला काढल्या, तुळशीला नमस्कार केला, एक मंजिरी वाहिली आणि लिहिलं, ‘नग अकरा.’ नोंदवहीत अकरा होते, आवारात अकरा भरले, हिशेब जुळला म्हणून मला बरंच वाटलं. सामान निकामी ठरवून नोंदवहीतून काढणारी निर्लेखन समिती आली तेव्हा ऊन कडक होतं. समितीने यादी जीपमध्ये बसूनच मंजूर केली.

आता या तुळशीला रोज सकाळी तांब्याभर पाणी घातल्याशिवाय पाण्याचा घोटही घ्यायचा नाही, हा माझा बारा वर्षांचा नेम होता. रविवार असो, सण असो, अंगात ताप असो, मी पंपहाऊसवर येऊन पाणी घालून जात असे. मूळ रोप केव्हाच वाळलं. तिच्याच मंजिऱ्यांतून उगवलेली ही चौथी पिढी. पण जागा तीच, बीड तेच आणि नेमही तोच. येत्या त्रिपुरी पौर्णिमेला बारा वर्षं पुरी होणार होती. आणि लिलावाचा माल उचलण्याची मुदत संपत होती नवमीला. मधल्या सहा सकाळी माझ्या हातून निसटत होत्या.

नेम कशासाठी, असं कुणी विचारलं की मी नुसती हसत असे. त्यामुळे ज्याने त्याने आपापलं कारण ठरवून टाकलेलं. पंप ऑपरेटर तातोबाच्या मते मी बढतीसाठी साकडं घातलं होतं. आमच्या ह्यांना वाटे की सगळं त्यांच्या दम्यासाठी चाललंय. दमा खरंच उतरला होता, म्हणून मीही कधी खुलासा केला नाही.

चंद्राक्काने सगळं ऐकून घेतलं आणि पाइपावर बसकण मारली. तिचा पहिला उपाय सरळ होता.

“ऱ्हाऊ दे की मग तुझ्याकडं. एका बीडानं माझी चूल इझत न्हाई.”

मी हळूच नियम सांगितला. नगरपालिकेचा कर्मचारी, त्याचे कुटुंबीय किंवा त्याच्या वतीने दुसरं कोणी, लिलावातली वस्तू विकत, बदलीत वा बक्षीस म्हणून घेऊ शकत नाही. शिवाय खरेदीदाराने लॉट पुरा उचलायचा असतो, मागे काही ठेवायचं नसतं.

“जल्मात पयल्यांदा सरकारला कायतरी फुकट द्याया निघाले,” चंद्राक्का म्हणाली, “तर सरकार न्हाई म्हणतंय.”

त्या दिवसापासून नवमीपर्यंत जो तो मला वाट दाखवायला लागला. तातोबाने फार विचार करून सांगितलं की नदीत, पाणी उपसायच्या विहिरीच्या म्हणजे जॅकवेलच्या बुडाशी एक तसाच व्हॉल्व्ह पडलाय, जुन्या पुरात वाहून गेलेला. तो नोंदवहीत नाही, तेव्हा तो काढून अकरावा म्हणून द्यावा आणि तुळस राहू द्यावी. मला क्षणभर मोह झाला, खोटं कशाला बोलू. पण मग विचार केला, तो आपला असेल तर आधी नोंदीत घ्यायला हवा. नोंदीत घेतला की निकामी ठरवायला समिती हवी. समितीला जीप हवी. तातोबा कपाळाला हात लावून पंप सुरू करायला निघून गेला.

आमचे अभियंता गुळवणी साहेब मनाने फार चांगले. त्यांनी केबिनमध्ये बोलावून घेतलं, दार लोटलं आणि सांगितलं की एक नग हाताळताना फुटला असं लिहून टाकू, लॉट दहाचा करू, वर मंजुरी मी आणतो. फक्त सही तुमची.

“साहेब, तो फुटलेला नाही,” मी म्हटलं.

“मी म्हणतोय म्हणजे फुटला, बाई.”

“मग आधी फोडावा लागेल ना?”

साहेबांनी खिडकीतून तुळशीकडे पाहिलं. वाऱ्यावर मंजिऱ्या हलत होत्या. साहेबांनी कागद टराटरा फाडला आणि चहा मागवला. मला विचारलं नाही, कारण मी बाहेरचं काही घेत नाही हे त्यांना माहीत होतं.

शेवटी त्यांनी मुदतवाढीचा प्रस्ताव केला. मुख्याधिकाऱ्यांना लिहिलं की लॉट सात मधील एक नग धार्मिक कारणास्तव तूर्त हलवता येत नाही, सहा दिवस वाढवून मिळावेत. दुसऱ्या दिवशी शेरा आला, ‘धार्मिक कारण स्पष्ट करावे.’ साहेबांनी स्पष्ट केलं, की सदर नगातील तुळशीचा विवाह द्वादशीला असून त्यापूर्वी ती उपटणे कर्मचारी अशुभ मानतात. त्यावर जो शेरा आला तो आमच्या कचेरीत पुढे कित्येक वर्षं पाठ म्हणून दाखवला जात होता. ‘लॉटमधील कोणताही नग विवाहयोग्य असल्याबाबत लिलावाच्या अटींत उल्लेख नाही. प्रस्ताव परत.’

घरी ह्यांनी समजूत घातली. म्हणाले, अगं, पाणी एकच, देव एकच, आपल्या अंगणातल्या तुळशीला घाल सहा दिवस. मी म्हटलं, संकल्प सोडताना मी ‘ही तुळस’ म्हणाले होते. त्या रात्रीपासून हे दम्याचं औषध पुन्हा उशाशी ठेवायला लागले.

नवमीला दुपारी चंद्राक्काचा ट्रक आला. दहा व्हॉल्व्ह चढले. अकराव्याशी येऊन सगळे थांबले. तुळशीची मुळं बीडाच्या तळातून थेट जमिनीत उतरली होती. उपटून काढावी तर तातोबा मध्ये उभा राहिला.

“बिनलग्नाची हाय ती. मी हात लावायचो न्हाई, आन् कुणाला लावूबी देणार न्हाई.”

चंद्राक्काच्या हमालांनीही हात मागे घेतले. त्यातला एक म्हणाला की घरी आई मारील. चंद्राक्का सगळ्यांवरून नजर फिरवून म्हणाली, “आरं, उपटा कोण म्हणतंय? भुईसकट उचला.”

मग जे झालं ते मी आयुष्यात विसरणार नाही. पंप उचलायची लोखंडी तिवई आणली. तिला साखळीची कप्पी लावली. व्हॉल्व्हच्या भोवतीने हातभर खोल चर खणला आणि मातीचा अख्खा गड्डा गोणपाटात बांधला. तातोबा साखळी ओढू लागला. तुळस एकेक वीत वर चढायला लागली तशी साहेबांनी, कुणी न सांगता, आपली छत्री उघडून तिच्यावर धरली. खालून मुळांचा कडकड आवाज आला. ट्रकमध्ये मधोमध ती आणि भोवतीने दहा निकामी व्हॉल्व्ह करवल्यांसारखे.

गेटपास मला लिहायचा होता. मी लिहिला. ‘नग ११. पैकी एका नगात माती व तुळस. तुळस या कार्यालयाच्या नोंदीत नाही.’ चंद्राक्काने खाली अंगठा उठवला. ट्रक गेला आणि पायरीसमोर एक खड्डा राहिला.

मी साहेबांना विचारलं, विकलेल्या मालाला कर्मचाऱ्याने खरेदीदाराच्या जागेत जाऊन पाणी घातलं तर चालेल का. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “बाई, मला माहीत नाही, आणि तुम्ही हे लेखी विचारलंत तर मी दीर्घ रजेवर जाईन.”

दशमीला पहाटेच तांब्या घेऊन निघाले. चंद्राक्काचं गोदाम जकात नाक्याच्या पलीकडे, आमच्या घरापासून चांगलं कोसभर. पोचले तर फाटकाला कुलूप. फटीतून तुळस दिसत होती, एका बाजूला कलती, पानं जरा मलूल. चंद्राक्का दहा नग घेऊन फौंड्रीवर गेली होती. मी फाटकाशी उभी राहिले. आठ वाजले, दहा वाजले. रस्त्याने जाणारी माणसं विचारत की बाई, पाणी विकता का. बारा वाजता तिचा ट्रक आला. माझ्या नोकरीतली ती पहिली उशिराची लाल खूण.

चंद्राक्का खाली उतरली, माझ्याकडे बघितलं, तांब्याकडे बघितलं.

“काय खाल्लंस?”

मी मान हलवली.

“पाणी?”

पुन्हा तेच. मग तिने मला जे सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. निम्मं मला उद्देशून होतं आणि निम्मं नगरपालिकेला. पण बोलता बोलता तिने फाटक उघडलं, आणि मी पाणी घालत होते तोवर स्टोव्हही पेटवला. निघताना म्हणाली, “किल्ली त्या फुटक्या मोटारीखाली ठिवते. गुमान येत जा आन् गुमान जात जा. माझ्या दारात बाईमाणूस चक्कर येऊन पडलं म्हंजे पोलिस मला इचारतील.”

द्वादशीला संध्याकाळी लग्न तिथेच लागलं. पंपहाऊसची सगळी मंडळी वऱ्हाडी होऊन आली. तातोबाने ऊस आणला, साहेब बत्तासे घेऊन आले आणि आत येताना दोनदा म्हणाले की मी खाजगीत आलोय. आमच्या ह्यांनी मंगलाष्टकं म्हणायला घेतली. अंतरपाट म्हणून ट्रकची ताडपत्री दोघांनी धरली होती. आता कन्यादान कुणी करायचं यावर वाद झाला. मी पुढे झाले तर चंद्राक्काने मला हाताने अडवलं.

“पोरगी कुणाच्या दारात उभी हाय? माझ्या. पावती कुणाच्या नावाची? माझ्या. तू हो नवऱ्याकडची.”

नियमाला धरूनच होतं ते. मी बाळकृष्णाच्या बाजूला जाऊन उभी राहिले. बारा वर्षं जिला वाढवली तिच्या लग्नात मी वरमाई झाले.

सगळे गेल्यावर आम्ही दोघी उसाची पानं गोळा करत होतो. चंद्राक्का म्हणाली, “आता खरं सांग. कशापायी एवढं? नवऱ्याचा दमा तर तसाच हाय, अष्टकं म्हणताना बघितला की मी. पोरगं दगावलं हुतं का?”

बारा वर्षांत मी हे कुणाला सांगितलं नव्हतं. तिला का सांगितलं कोण जाणे. ती पानं मोजत नव्हती, नुसती उचलत होती, म्हणून असेल.

नाना निवृत्त होऊन दोन महिने झाले होते. पाण्यात टाकायच्या जंतुनाशक पावडरीची पोती आली. चलनावर साठ होती. मी मोजली, बावन्न भरली. तेव्हाचे पर्यवेक्षक म्हणाले, उरलेली आठ दुपारच्या गाडीने येतायत, तुम्ही सही करून टाका, ड्रायव्हर खोळंबलाय. मी नवी होते. माझा आवाज तेव्हाही असाच, समोरच्याला पुन्हा विचारावं लागतं असा. मी साठवर सही केली. दुपारची गाडी आली नाही, ती कधीच आली नाही. त्या कार्तिकात शेवटचे काही दिवस पावडर बेताने टाकावी लागली. गावात कुणी आजारी पडलं नाही, निदान माझ्या कानावर आलं नाही. पण महिनाभर कुठल्याही घरातून मुलाचा खोकला ऐकू आला तरी मला वाटायचं, माझ्या सहीचा. सांगायला गेले तोवर पर्यवेक्षक बदलून गेलेले, आणि नव्या साहेबांनी मागचं उकरू नका म्हणून बजावलं. मग त्या पौर्णिमेला मी एका रिकाम्या व्हॉल्व्हमध्ये माती भरली, तुळस लावली आणि तिला सांगितलं. बारा वर्षं तुझ्याआधी पाण्याला शिवणार नाही. आणि जे नाही ते आहे म्हणून, किंवा आहे ते नाही म्हणून, पुन्हा कधी लिहिणार नाही.

“म्हणून मला दहा लिहिता येत नव्हतं,” मी म्हटलं. “तिच्यासाठी तर अजिबातच नाही.”

चंद्राक्का एकदम हसायलाच लागली. पदर तोंडाला लावून, हलत हलत.

“आठ पोत्यांला बारा वर्सं? मग आमच्या धंद्यातल्या माणसानं अन्नाचं नावच काढू नये की गं!”

मीही हसले. पण तिचं हसू लवकर थांबलं. उसाचं पान हातात तसंच धरून ती तुळशीकडे बघत राहिली, आणि मग म्हणाली की अंधार पडायच्या आत घरी जा.

पौर्णिमेला मी शेवटचं पाणी घातलं. तुळस रुजली होती, नव्या जागी दोन हिरवे कोंब धरले होते. उद्यापनाचा शिरा मी डब्यात आणला होता. आम्ही दोघींनी तो जुन्या मोटारीवर बसून खाल्ला. मी भीत भीत विचारलं, अकरावा नग फौंड्रीत कधी जाणार. चंद्राक्का म्हणाली, “लेक भट्टीत घालतंय व्हय कुणी?” तुळशीपुरतं बोलायचं तर ती कार्यालयाच्या नोंदीत नव्हतीच, एखादं रोप मला नेता आलं असतं. तसं मी म्हणूनही बघितलं. तिने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

डबा बंद करून मी उठले तेव्हा तिने शर्टाच्या खिशातून घडी घातलेला कागद काढला. घड्यांवर फाटत आलेला. वीज मंडळाच्या निकामी ट्रान्सफॉर्मरांच्या लिलावाच्या अटी होत्या, शुक्रवारी, जिल्ह्याच्या गावी. सहा पानं, बारीक टाइप. मागच्या खेपेला तिने एका शिकलेल्या माणसाला बरोबर नेलं होतं. त्याने अटी वाचून दाखवल्या, त्यातली एक गाळली आणि तीच तिला भोवली, कारण समोरचा व्यापारी त्याचा मेव्हणा होता. त्याच्याआधीच्याने एक अट पदरची घातली होती.

“मला अक्कल नगं, सल्ला नगं,” ती कागदाकडे बघत म्हणाली. “जेवढं लिवलंय तेवढं वाचून दाखवणारं माणूस पायजे. कमी न्हाई, जास्त न्हाई. येशील?”

माझ्या मनात पहिल्यांदा नियमच आले. वीज मंडळ म्हणजे माझं खातं नव्हे. बोली माझी नाही, नातं नाही, मोबदला नाही. मग लक्षात आलं की ती उत्तराची वाट बघते आहे, आणि आयुष्यात बहुधा फार कमी वेळा तिने कुणाकडे असं काही मागितलं असावं.

“येईन,” मी म्हटलं. तिला ते पहिल्याच खेपेला ऐकू गेलं.

मी रजेचा अर्ज दिला. कारणाच्या रकान्यात ‘लिलावाच्या अटींचे वाचन’ असं लिहिलं. गुळवणी साहेबांनी तो दोनदा वाचला आणि सही केली.

शुक्रवारी उजाडायच्या सुमाराला मी पूजा आटोपली. आमचे हे आधीच उठले होते. बारा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी माझ्यासाठी सकाळचा चहा केला होता, आणि तो कपात ओतून माझ्यासमोर ठेवून, मी पिते का हे बघत बसले होते. मी सगळा चहा प्यायले. साखर जास्त होती, तसं त्यांना सांगितलं. मग चष्मा पुसून पिशवीत ठेवला, चपला हातात घेऊन ओटीवरून खाली आले, आणि दाराची कडी आवाज न करता ओढून घेऊन जकात नाक्याच्या रस्त्याला लागले.